हे अण्णा बसले आहेत

आमच्या आत्याच्या घरी बाहेरच्या खोलीत एक फोटो आहे. १९४६ च्या उन्हाळ्यात घरातली एक मुंज आटोपली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्याच्या चौकात काढलेला. मधोमध खुर्चीवर आजोबा. त्यांना सगळे अण्णा म्हणत. शेजारी आजी, मागे उभे काका-काकू, पुढे सतरंजीवर पोरं. आत्या आता ऐंशी ओलांडून गेली आहे. नवीन कोणी घरी आलं की ती फोटो खिळ्यावरून काढायला लावते, पदरानं काच पुसते आणि एकेकावर बोट ठेवत सांगू लागते. "हे अण्णा बसले आहेत. पागोटं घातलंय ना, ते मुंजीसाठी पुण्याहून आणलं होतं. ही मागे उभी आहे ती मोठी काकू. दोन वर्षांनी गेली. हा तुझा बाबा. रुसलाय, कारण त्याला पुढे बसायचं नव्हतं."

हे बोलणं मी लहानपणापासून ऐकत आलो, पण त्यातली क्रियापदं फार उशिरा कानावर पडली. बोट काचेवर असतं तोवर आत्या वर्तमानकाळात बोलते: बसले आहेत, उभी आहे, रुसलाय. बोट उचललं की भूतकाळ: आणलं होतं, गेली, नव्हतं. एकाच दमात ती दोन काळांत ये-जा करते आणि ऐकणाऱ्याला कुठेही ठेच लागत नाही.

या प्रकरणाचा प्रश्न साधा आहे. फोटो वर्तमान पकडतो की भूतकाळ? आत्याच्या बोलण्यात उत्तराचं एक टोक आहे असं मला वाटतं, म्हणून तिथूनच सुरुवात केली. 'अण्णा बसले आहेत' हे वाक्य पाहा. 'बसले' हे भूतकाळाचं रूप आणि 'आहेत' हे वर्तमानाचं. शाळेत आपण याला पूर्ण वर्तमानकाळ म्हणायला शिकलो. बसण्याची क्रिया होऊन गेली आहे, बसलेपण मात्र चालू आहे. अण्णांची क्रिया १९४६ मध्ये एका सकाळी पुरी झाली; बसलेपण काचेखाली अजून चालू आहे.

वर्तमानपत्रांनी तर काळाचा प्रश्न टाळूनच टाकला आहे. फोटोखालची ओळ आठवा: 'दीपप्रज्वलन करताना अमुक. शेजारी तमुक.' क्रियापदच नाही. 'करताना' या शब्दाला स्वतःचा काळ नसतो. करताना दिसले, करताना दिसतात, करताना दिसतील. जे क्रियापद पुढे येईल ते त्याला काळ देतं. फोटोओळीत ते येतच नाही. समई पेटवणारा हात तसाच पुढे झालेला राहतो, आणि आज वाचणारा असो की वीस वर्षांनी रद्दीत तो कागद सापडणारा असो, दोघांनाही ती ओळ तशीच लागू पडते.

पण हे झालं भाषेचं. कॅमेऱ्याच्या आत काय घडतं?

आपण समजतो की कॅमेरा एक क्षण टिपतो. मग तो क्षण केवढा, हे आधी विचारायला हवं. कॅमेऱ्यानं काढलेला आणि आजवर टिकलेला सर्वांत जुना फोटो फ्रान्समधल्या निसेफोर निएप्स यांचा आहे, १८२६ किंवा १८२७ सालचा. त्यांनी कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर डांबरासारख्या पदार्थाचा लेप दिला, पत्रा कॅमेऱ्यात घातला आणि घराच्या वरच्या खिडकीत ठेवून दिला. जिथे ऊन लागलं तिथला लेप घट्ट झाला, उरलेला तेलानं धुऊन निघाला. पत्र्यावर बाहेरची छपरं आणि भिंती उमटल्या. याला आठ तास लागले असं फार दिवस सांगितलं जाई. पुढच्या अभ्यासकांना तर काही दिवस लागले असावेत असं वाटतं. तो पत्रा आज टेक्सास विद्यापीठात आहे. त्याची छापील प्रत नीट पाहिली तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते: समोरासमोरच्या भिंती, आणि दोन्हींवर ऊन. पूर्वेची भिंत सकाळी उजळली, पश्चिमेची दुपारनंतर, आणि पत्र्यानं दोन्ही ठेवून घेतल्या. तसा प्रहर त्या अंगणात कधीच उगवला नव्हता.

त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, १८३८ मध्ये, लुई दागेर यांनी पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यु ताँप्ल या रस्त्याचा फोटो आपल्या खिडकीतून काढला. वेळ आता काही मिनिटांवर आली होती. रस्ता वर्दळीचा, घोडागाड्यांचा. फोटोत मात्र तो ओस पडल्यासारखा दिसतो. जे जे चालत होतं ते कुठेच पुरेसं थांबलं नाही, म्हणून उमटलंही नाही. खालच्या कोपऱ्यात तेवढा एक माणूस दिसतो, एक पाय वर ठेवून उभा असलेला. तो बुटांना पॉलिश करून घेत होता. थांबला, म्हणून उरला. फोटोत आलेला पहिला माणूस म्हणून त्याची गणना होते. त्याचं नाव कोणालाच माहीत नाही, आणि आपला फोटो निघतोय हे त्यालाही माहीत नव्हतं. या फोटोसमोर मी फार वेळ घालवला आहे. मला तो माणूस जितका दिसतो तितकेच न दिसणारे दिसतात: त्या मिनिटांत त्या रस्त्यावरून गेलेली शेकडो माणसं, जी खरोखर तिथे होती आणि ज्यांची काहीच खूण राहिली नाही.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे लोक त्या सुरुवातीच्या काळात फोटो काढत होते. तेव्हा काच ओल्या रसायनानं माखून, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ओली असतानाच धुवायची. समोरच्यानं काही सेकंद तरी निश्चल बसायचं. युरोपातल्या स्टुडिओंत त्यासाठी डोक्यामागे लोखंडी आधार लावत, तो फोटोत दिसू नये अशा बेतानं. जुन्या फोटोंतले लोक एवढे करारी, गंभीर का दिसतात याचं एक कारण हे आहे. हसू काही सेकंद धरून ठेवता येत नाही, ओठ मिटलेले ठेवता येतात.

वाड्याच्या चौकातला आमचा फोटोही काही सेकंदांचाच. तालुक्याच्या गावाहून आलेल्या फोटोग्राफरनं तीन पायांच्या घोडीवर कॅमेरा उभा केला, काळ्या कापडात डोकं घातलं, बाहेर येऊन "हलू नका" म्हणाला, भिंगावरचं झाकण काढून हवेत धरलं आणि परत बसवलं. पुढच्या रांगेत उजवीकडून दुसरं एक पोर आहे. त्याला परकराचा घेर आहे, हातात बांगडी आहे, चेहरा नाही. चेहऱ्याच्या जागी कापूस पिंजल्यासारखं काहीतरी. ती आत्या, तीन वर्षांची. "मी हलले," ती अजूनही थोडी ओशाळून सांगते.

आपण मराठीत 'फोटो हललाय' म्हणतो. हललं असतं माणूस नाहीतर कॅमेरा; म्हणतो मात्र फोटो हलला. मला हा शब्दप्रयोग फार नेमका वाटतो. त्या चौकात वीस-बावीस माणसं श्वास धरून बसली होती आणि प्रत्येकानं आपल्या वाट्याचे ते सेकंद लपवले. आत्यानं ते लपवले नाहीत. तिच्या चेहऱ्याच्या जागी ते सेकंद स्वतः बसले आहेत. तिनं मान कुठून कुठे वळवली हेसुद्धा त्या पिंजलेल्या पांढऱ्यात बारकाईनं पाहिलं तर कळतं.

खरं तर आमच्या फोटोच्या कितीतरी आधीच ही वेळ झपाट्यानं आक्रसू लागली होती. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीच्या कडेला १२ कॅमेरे मांडले आणि पट्टीवर आडवे दोरे बांधले. घोडा दोरा तोडी, तसतशी कॅमेऱ्यांची झापं उघडत. घोडा भरधाव असताना चारही खूर जमीन सोडतात का, हा वाद होता. सोडतात, हे दिसलं. पण चित्रकारांनी शेकडो वर्षं रंगवले तसे पुढचे-मागचे पाय ताणलेले असताना सोडत नाहीत. पोटाखाली गोळा झालेले असताना सोडतात. अमेरिकेतल्या एमआयटीचे हॅरल्ड एजर्टन यांनी विसाव्या शतकात आणखी बारीक चिमटा काढला. अंधाऱ्या खोलीत कॅमेरा उघडा ठेवायचा आणि सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्याहूनही थोडा वेळ दिवा लखलखवायचा. दुधाचा थेंब बशीत पडल्यावर उठणारा त्यांचा मुकुट १९५७ चा. मोत्यांसारखे थेंब कडेनं उभे राहिलेले. दूध सांडताना आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मुकुट नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

हा वर्तमान म्हणायचा का? कोणाचा? माणसाच्या डोळ्याला आणि मेंदूला एखादं दृश्य उमजायला सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास वेळ लागतो. तो मुकुट त्याआधीच विरून गेलेला असतो. ज्या खोलीत तो घडला त्या खोलीतल्या माणसालाही तो 'आत्ता' म्हणून भेटला नाही. पहिली भेट झाली ती फोटोतच, आणि तोवर तो होऊन गेलेला होता.

उलट दिशेनं गेलेला एक आपला माणूस आठवतो. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन आले. चित्रपटासाठी पैसा उभा करायचा होता आणि पैसे लावणाऱ्यांचा विश्वास नव्हता. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज एकेक चौकट टिपत राहिले. 'अंकुराची वाढ' हे त्या फिल्मचं नाव. पडद्यावर वाटाणा माती फोडून वर आला, पानं उलगडली, वेल चढली. बी पेरणारा शेतकरी हे वर्षानुवर्षं बघतो, पण रोज बघूनही वाढताना बघत नाही. काल एवढं होतं, आज एवढं आहे, इतकंच त्याच्या हाती लागतं. एजर्टनचा थेंब आपल्या 'आत्ता'त मावण्याइतका मोठा नव्हता, फाळक्यांचा वाटाणा त्यात मावण्याइतका लहान नव्हता. कॅमेऱ्यानं दोघांनाही आपल्या मापाचं करून दिलं. माणसाचा वर्तमान म्हणजे काळाचा एक विशिष्ट रुंदीचा पट्टा आहे, आणि कॅमेऱ्यावर त्या रुंदीचं बंधन नाही, हे या दोन फोटोंनी मला शिकवलं.

आता हातातल्या फोनकडे येऊ. आपल्याला वाटतं, बटण दाबलं आणि फोटो निघाला. कॅमेऱ्याचं अ‍ॅप उघडल्यापासूनच फोन सतत चित्रं घेत असतो आणि थोडी थोडी जवळ ठेवून जुनी टाकत असतो. बोट बटणावर पोचायला वेळ लागतो हे बनवणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून अनेक फोन बटण दाबण्याच्या क्षणाच्या जरा आधीचं चित्र उचलतात. आयफोनच्या 'लाइव्ह फोटो'त तर बटणाच्या आधीचा दीड सेकंद आणि नंतरचा दीड सेकंद साठवला जातो. म्हणजे मी फोटो काढायचं ठरवलं त्याच्या आधीच तो निघालेला असतो. पुढे, फोन अशी अनेक चित्रं एकमेकांवर बसवून एक करतो: एकातलं आभाळ, दुसऱ्यातली सावली. रात्रीच्या फोटोत हे काही सेकंद चालतं. आणि फोनमधला प्रकाशग्राही पडदा एकदम वाचला जात नाही, ओळीमागून ओळ वाचली जाते. लोकलच्या दारातून फोन आडवा धरून फोटो काढा; रुळाकडेचे सरळसोट खांब तिरके आलेले दिसतील. वरची ओळ वाचली तेव्हा खांब एका जागी होता, खालची वाचेपर्यंत गाडी पुढे गेली. फोटोचा माथा आणि तळ वेगवेगळ्या वेळेचे.

२०२३ मध्ये गुगलच्या पिक्सेल ८ फोनमध्ये अशी सोय आली की, एका पाठोपाठ काढलेल्या समूहफोटोंतून प्रत्येकाचा चांगला आलेला चेहरा निवडून एकाच फोटोत बसवता येतो. कोणाचे डोळे मिटलेले नाहीत, कोणी बाजूला बघत नाही. निएप्सच्या अंगणातल्या दोन उन्हांसारखंच हे, दोनशे वर्षांनी. आत्याचा चेहरा या सोयीनं वाचला असता. तिचं हलणं मात्र गेलं असतं, आणि मला ते हवं आहे.

ज्यांनी ३६ चा रोल वापरला आहे त्यांना आणखी एक काळ माहीत आहे. सहलीत फोटो काढायचे, रोल संपेपर्यंत थांबायचं, मग तो धुवायला टाकायचा आणि आठ दिवसांनी चिठ्ठी घेऊन दुकानात जायचं. या आठ दिवसांत फोटो कुठे होता? काढून तर झाला होता. फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांच्या एकेका कणावर थोडासा प्रकाश पडला की तिथे चांदीचे मोजके अणू सुटे होतात. इतके थोडे, की सूक्ष्मदर्शकातही फोटो दिसत नाही. डेव्हलपरच्या द्रावणात तो कण आख्खा काळा पडतो, ती खूण कोट्यवधी पटींनी वाढते, मग चित्र दिसतं. शेवटी हायपोत बुडवून उरलेले क्षार काढून टाकायचे, नाहीतर सगळंच काळं होईल. विल्यम हेन्री फॉक्स टालबट यांना या सुप्त चित्राचा शोध १८४० मध्ये लागला. मी कॉलेजात असताना ओळखीच्या एका स्टुडिओच्या काळोख्या खोलीत दुपारच्या दुपारी काढल्या आहेत. लाल दिवा, ओल्या वाटाण्यांसारखा काहीसा उग्र वास, ट्रेमध्ये पांढराच्या पांढरा कागद. ट्रे हळूहळू हलवत राहायचं. आधी केस येतात, मग डोळ्यांची बुबुळं, मग शर्टाच्या कडा, आणि गाल सर्वांत शेवटी. माणूस जणू दुरून चालत येतोय.

आठ दिवसांऐवजी हे थांबणं ३३ वर्षांचं झालं तर? ११ जुलै १८९७ ला स्वीडनचे सालोमोन आंद्रे, निल्स स्ट्रिंडबर्ग आणि क्नूट फ्रेंकेल हे तिघे स्पिट्सबर्गेनजवळच्या एका बेटावरून हायड्रोजनच्या फुग्यातून उत्तर ध्रुवाकडे निघाले. तीन दिवसांत फुगा बर्फावर उतरला. तिघे जवळजवळ तीन महिने बर्फावर राहिले, क्वितोया नावाच्या ओसाड बेटावर पोचले आणि तिथेच वारले. जगाला काहीच कळलं नाही. १९३० च्या उन्हाळ्यात एका नॉर्वेजियन जहाजाला त्यांचा तळ सापडला. सामानात फिल्म होती, ३३ वर्षं थंडीत आणि ओलीत पडलेली. स्टॉकहोममध्ये योन हर्ट्झबर्ग यांनी ती अतिशय जपून धुतली आणि ९३ चित्रं वाचवली.

त्यातलं एक डोळ्यासमोरून हलत नाही. बर्फावर आडवा पडलेला प्रचंड फुगा, त्याच्यासमोर दोन माणसं पाठमोरी उभी. फोटो काढणारा तिसरा, चोवीस वर्षांचा स्ट्रिंडबर्ग. त्याचा साखरपुडा झालेला होता. ती मुलगी १९३० मध्ये हयात होती, दुसऱ्याशी लग्न होऊन. आता या फोटोची तारीख कोणती लिहायची? प्रकाश १८९७ चा. चित्र दिसू लागलं १९३० मध्ये. मधली ३३ वर्षं तो फोटो होता आणि कोणासाठीच नव्हता. बर्फावर उभ्या असलेल्या त्या दोघांना पुढे काय होणार हे माहीत नव्हतं; हर्ट्झबर्गच्या ट्रेमध्ये त्यांच्या आकृती उमटत असताना सगळ्या स्वीडनला माहीत होतं.

खरं तर उशीर प्रकाशालाच असतो. तो सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका नॅनोसेकंदात वीतभराहून थोडा जास्त, ३० सेंटिमीटर. तीन मीटरवर उभ्या मुलीचा फोटो काढला तर तो १० नॅनोसेकंद जुन्या मुलीचा. चंद्राचा सव्वा सेकंद जुना, सूर्याचा आठ मिनिटं वीस सेकंद, देवयानी दीर्घिकेचा २५ लाख वर्षं. १० एप्रिल २०१९ ला कृष्णविवराचं पहिलं चित्र प्रसिद्ध झालं, एम ८७ दीर्घिकेतल्या. ते रेडिओ लहरींचं चित्र होतं. लहरी साडेपाच कोटी वर्षं प्रवास करून आल्या, दुर्बिणींनी त्या एप्रिल २०१७ मध्ये टिपल्या, आणि मग माहितीनं भरलेल्या तबकड्या एकत्र आणून चित्र जुळवायला दोन वर्षं गेली. दक्षिण ध्रुवावरच्या तबकड्या तर तिथला हिवाळा सरेपर्यंत विमानाची वाट पाहत पडून होत्या. रोल धुवायला टाकण्यासारखंच की हे.

इतकं सगळं पाहिल्यावर उत्तर सोपं वाटतं: फोटो नेहमी भूतकाळच. भौतिकशास्त्राला विचाराल तर हेच, आणि ते बरोबर आहे. पण एवढ्यानं आत्याच्या 'आहेत'चा उलगडा होत नाही. दहा नॅनोसेकंदांनी कोणी हळहळत नाही. फोटो भूतकाळाचा वाटायला लागतो तो प्रकाशाच्या उशिरामुळे नाही. आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त माहीत असतं, त्यामुळे.

घरात कोणी गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोटो शोधायला लागतात. बहुतेकांचा स्वतंत्र, चांगला फोटो नसतोच. मग कोणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये समूहफोटो सापडतो. माणूस हसतोय, खांद्यावर व्याह्यांचा हात आहे, कपाळाला अक्षता चिकटलेली आहे. स्टुडिओवाला बाकीची माणसं काढून टाकतो, खांद्यावरचा हात पुसतो, मागे निळसर रंग भरतो, फोटो मोठा करतो. तेराव्याला त्याला हार घातला जातो. चेहऱ्यातला एक ठिपका बदललेला नसतो. तेच हसू, त्याच जेवणावळीच्या आधीचं. हार पडला आणि काळ बदलला. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालायला आपल्याकडे कोणी धजत नाही, कारण हाराचा अर्थ सगळ्यांना कळतो.

फ्रेंच लेखक रोलाँ बार्थ यांचं फोटोविषयीचं शेवटचं पुस्तक १९८० मध्ये आलं. आई गेल्यानंतर घरातले फोटो चाळताना सुचलेलं. त्यात १८६५ च्या एका फोटोवर ते थांबतात. अब्राहम लिंकन यांच्या खुनाच्या कटातला तरुण लुइस पेन बेड्या घालून भिंतीला टेकून बसला आहे. फोटो अलेक्झांडर गार्डनर यांचा. काही आठवड्यांत त्याला फाशी झाली. हा मरणार आहे आणि हा मेलेला आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पाहाव्या लागतात, हे बार्थ यांना सहन होत नव्हतं. आणि ज्या फोटोभोवती सगळं पुस्तक फिरतं, आईचा पाच वर्षांची असतानाचा, तो त्यांनी पुस्तकात छापलाच नाही. इतरांना ती कुठलीही एक मुलगी वाटली असती.

माझ्यापाशी असा फोटो आहे तो साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे. फिलाडेल्फिया, १० ऑक्टोबर १८८५. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातल्या तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात. मध्ये किमोनोतली जपानची केई ओकामी, उजव्या हाताला सीरियाची सबात इस्लामबूली, आणि डावीकडे साडीत आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी. वय साडेवीस. नजर थेट आपल्याकडे नाही.

मी हा फोटो पाहतो तेव्हा माझ्या मनात आकडे सुरू होतात आणि मला ते थांबवता येत नाहीत. ११ मार्च १८८६ ला पदवी, म्हणजे या फोटोनंतर १५२ दिवसांनी. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं मृत्यू, म्हणजे ५०४ दिवसांनी. कोल्हापूरच्या इस्पितळातली जागा मिळालेली होती, तिथे रुजू होता आलं नाही. अस्थी समुद्रापलीकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे त्यांच्या अमेरिकेतल्या यजमान कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. शेजारी बसलेली ओकामी पुढे डॉक्टर होऊन जपानला परतली आणि १९४१ पर्यंत जगली. एकच काच, एकाच वेळी उघडलेलं भिंग, आणि त्या काचेवर शेजारी शेजारी बसलेल्या दोघींपुढे ५०४ दिवस आणि ५५ वर्षं. फोटोत या फरकाची कसलीही खूण नाही. कितीही मोठा करून पाहा, सापडणार नाही. ती खूण माझ्याकडे आहे, मी पुस्तकं वाचली म्हणून.

त्या तिघींच्या बाजूनं पाहिलं तर तो दिवस भूतकाळ नव्हताच. पुढचं काही घडलेलं नव्हतं. अभ्यास बाकी होता, हिवाळा यायचा होता, पत्रं लिहायची होती. कॅमेऱ्यानं जे ठेवून घेतलं ते हे: ज्याचं पुढचं अजून ठरलेलं नाही असं एक 'आत्ता'. आम्ही नंतर आलेले लोक आमची माहिती घेऊन त्याच्यासमोर उभे राहतो आणि त्याला भूतकाळ करतो. आत्याचं बोट काचेवर असतं तेव्हा ती आपली माहिती क्षणभर बाजूला ठेवते, असं मला आता वाटतं. मोठी काकू उभी आहे. तेवढंच. गेली, हे बोट उचलल्यावर.

मागच्या महिन्यात हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा तो फिलाडेल्फियाचा फोटो मोठा छापून टेबलावर ठेवला होता. भाची आली, आठ वर्षांची. शाळेत तिनं काहीतरी ऐकलेलं असावं. तिनं डावीकडच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"या डॉक्टर आहेत ना?"

मी तारीख पाहिली.

"अजून व्हायच्या आहेत," मी म्हटलं.